धाकट्या चंद्रावर ब्रेक लावू नये

३ फेब्रुवारी

ही वही डॉक्टरांनी दिलेली. रोज कोणता व्यायाम केला ते लिहायचं. व्यायाम होत नाही आणि कोरी पानं मला बघवत नाहीत, म्हणून दुसरंच काहीतरी लिहायला घेतलंय.

प्लास्टर निघालं. मांडीचं हाड जुळलं म्हणतात, पण पाय अजून रुसलेल्या पाहुण्यासारखा पलंगावर पडून असतो, काही सांगितलं तर ऐकत नाही. घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर चढवलं आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर "मास्तर, हात आत घ्या" म्हणत राहिले. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. गावात स्टिअरिंग धरणारा दर दुसरा माणूस माझ्या शेजारी बसून शिकलेला, आणि मी कपाटासारखा वर गेलो.

तेव्हापासून पलंग, खिडकी, छत. छताला ओल आली आहे, तिच्याकडे बघून बघून आता तिच्याशी बोलायचंच तेवढं बाकी आहे. परगावी असलेल्या लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, तू दिवसभर आईवर ओरडतोस म्हणे. त्यापेक्षा हा खेळ खेळ. अवकाशयानाचा आहे."

म्हटलं, यान उडवण्यात मला रस नाही, माझा धंदा चाकांचा.

"त्यात गाडीपण आहे. एका छोट्या चंद्रावर मी नेऊन ठेवलीय. तू फक्त चालव."

बघू. गाडी ती गाडी.

५ फेब्रुवारी

उलटली.

सहा चाकांची बुटकी गाडी, आत हेल्मेट घातलेला एक चिमुकला माणूस. त्याला मी 'शिकाऊ' म्हणतो. आजूबाजूला करडी जमीन, वर भर दिवसा काळं आभाळ. दूर एक टेकाड, त्याच्या पलीकडे शिकाऊचं यान उभं. गाडी यानापाशी न्यायची म्हणजे तो घरी जाणार. सरळ काम. वेग घेतला, समोर उंचवटा आला, ब्रेक लावला. पुढची चाकं जागच्या जागी थांबली आणि मागची सावकाश वर उचलली गेली. झोपेत माणूस कूस बदलतो तशी गाडी आरामात पाठीवर पडली, आणि पडून पुढे घसरतच राहिली. माझ्या शेजारी बसलेल्या एकानेही आजवर गाडी उलटवलेली नाही.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "तिथे वजनच नाही रे बाबा. चाकं जमिनीला जेमतेम टेकतात. ब्रेक लावलास की पुढची चाकं अडतात आणि मागचं सगळं वरून पुढे येतं. पुढचे ब्रेक बंद करून टाक."

ब्रेक बंद करून टाक! हे ती मला सांगणार. उंटावरून शेळ्या हाकणं काही वेगळं नसतं.

"आणि गाडी पुढे न्यायची जी कळ आहे ना, त्याच कळेने तिचं नाकही खाली होतं. चाकांसाठी वेगळ्या कळा लावून घे."

म्हटलं, एका गाडीला दोन-दोन ताबे कशाला? चालवणाऱ्याचा गोंधळ होतो.

ती बराच वेळ हसत होती. यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

६ फेब्रुवारी

खेळात मागे जाता येतं. गाडी उलटण्याआधीच्या जागी पुन्हा पोचायचं आणि काही झालंच नाही असं समजायचं. मी तसं करणार नाही. रस्त्यावर असली सोय नसते.

मग शिकाऊ तसाच. डोकं खाली, पाय वर, हेल्मेटमधून समोर बघतोय. कॉम्प्युटर बंद केला तर त्याला एकटं टाकल्यासारखं वाटतं, चालू ठेवला तर बघवत नाही. दिवसभर चालूच होता.

ही चहा घेऊन आली, पडद्यासमोर थांबली. "हा असाच किती वेळ राहणार?"

"उपाय शोधतोय."

"अहो, त्याला उतरू द्या की. वजन नाही म्हणता ना तिथे? बाहेर येईल, ढकलेल, गाडी सरळ करेल."

हिला समजावलं की शिकाऊ माणूस मी सांगितल्याशिवाय गाडीतून उतरत नाही, हा आमच्या स्कूलचा पहिला नियम आहे. ही म्हणाली, "हो, तो नियम मला माहितीये," आणि कप उचलून गेली.

९ फेब्रुवारी

अजब झालं. दुपारी डोळा लागला होता. उठून बघतो तर गाडी सरळ उभी! नुसती उभी नाही, टेकाडाच्या दिशेने बरीच पुढे गेलेली. मागे चाकांच्या खुणा, आणि त्या इतक्या सरळ की वाटावं पट्टी लावून काढल्यात. कुठे घसरल्याची खूण नाही. चाकांच्या कळाही वेगळ्या लावलेल्या.

हे लेकीचं काम. त्या कॉम्प्युटरमध्ये ती तिकडून शिरत असणार, आजकाल काहीही होतं. फोन केला तर म्हणते, "मी हातसुद्धा लावला नाही." बापाचा मान राखते पोरगी. मी ताणलं नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. बिचारा सुटला."

१२ फेब्रुवारी

ही हल्ली दुपारी वाचनालयात जाते. जाऊ दे. इतकी वर्षं घरात असताना कधी गेली नाही आणि नवरा अंथरुणाला खिळला तेव्हाच वाचनाची आवड लागली, ते असो. आज परत आली तेव्हा गुणगुणत होती. पुस्तक दिसलं नाही. विचारलं तर म्हणाली, तिथेच बसून वाचते.

तासभर एकटा असलो की घर लहान होत जातं. पलंगावरून दार दिसतं. दाराबाहेर जिना. मी तोंड खिडकीकडे करून झोपतो.

भागीदाराचा फोन आला. स्कूल सध्या तोच बघतो. म्हणाला, "मास्तर, एक नवीन बाई आल्यात शिकायला. वयस्कर आहेत, पण काय हात आहे! घाई म्हणून नाही."

म्हटलं, वयस्कर बायका म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. ब्रेकवरचा पाय काढू नकोस.

तो नुसतं "हं हं" म्हणाला आणि फोन ठेवला. पूर्वी तासभर बोलायचा.

यावरून आठवलं. लग्नानंतर हिला एकदा शिकवायला घेतलं होतं. गाडी स्कूलचीच, शेजारच्या सीटला माझा स्वतंत्र ब्रेक. रस्त्याच्या टोकापर्यंत जाईस्तोवर मी बहुतेक ब्रेकवरच होतो, न राहून चालणार नव्हतं. गाडी दर दोन हातांवर थांबे. हिला वाटलं गाडीच बिघडलीय. मग माझ्या पायाकडे लक्ष गेलं. उतरली आणि चालत घरी आली. धीरच नाही तिला. त्यानंतर तिने विषय काढला नाही आणि मीही नाही.

१६ फेब्रुवारी

मी चालवली. टेकाड चढलो, झकास चढलो. माथ्यावर चाकं सुटली. तिथे उडालेली गाडी लवकर खाली येत नाही. वाट बघायची. स्टिअरिंग कुठेही फिरवा, काही फरक पडत नाही. आपण बसलोय, गाडी चाललीय, जमीन खालून सरकतेय. जिन्यावरून पडलो तेव्हा असंच झालं होतं, पायाखाली काही नव्हतं आणि ते फार वेळ चाललं होतं.

जमीन जवळ आली तसा मी ब्रेक दाबून धरला. टेकताच कोलांटी. मग दुसरी, मग तिसरी, आणि एका खड्ड्याच्या तळाशी जाऊन गाडी कुशीवर पडली. खड्ड्यात सावली. गाडी उन्हावर चालते. थोड्या वेळाने दिवा मंद झाला, मग गेला.

शिकाऊ अंधारात आहे. दिसत नाही, पण आहे.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन. प्लास्टर काढताना घेतलेला क्ष-किरण फोटो उत्तम आहे म्हणाले. आता रोज जिना उतरायचा आणि चढायचा. "नाही केलंत तर गुडघा असाच आखडून बसेल. मग कायमचे घरात. पाच मार्चला स्वतः चालत या."

मी म्हटलं, येतो. घोडामैदान जवळच आहे.

हिने दार उघडून धरलं. मी म्हटलं, या जिन्याच्या पायऱ्याच चुकीच्या बांधल्यात, एक उंच एक बुटकी. कठडा हलतो. वळणावर उजेड नाही.

"इतकी वर्षं उतरत होतात की."

नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणाली नाही. पण दार लावताना चेहऱ्यावर तेच होतं.

२४ फेब्रुवारी

दुपारी खिडकीत बसलो होतो. खाली आमच्या स्कूलची गाडी दिसली, टपावर पाटी. चौकाकडे जाणाऱ्या चढावर बंद पडली. क्लच झटक्यात सोडला, दुसरं काय! मागे दोन गाड्या अडकल्या, एकाने हॉर्न दाबून धरला. शिकणारी कोणी बाई होती, निळी ओढणी, एवढंच वरून दिसलं. शेजारी भागीदार हाताची घडी घालून बसलेला! मी वरून ओरडलो, ब्रेक धर, ब्रेक! चौथ्या मजल्यावरून कोण ऐकतं.

गाडी वीतभर मागे आली, थांबली, मग हळूच पुढे निघाली. हॉर्नवाला गप्प झाला.

ही आली तेव्हा घामाघूम होती. मी सगळं सांगितलं, भागीदाराला चार शब्द सुनावणार म्हणालो. तिने ओढणी खुंटीला अडकवली आणि विचारलं, "मग? निघाली का शेवटी ती बाई?"

"निघाली."

"झालं तर मग."

तासभर पायाला तेल लावत होती. माझ्या नाही, स्वतःच्या. पोटरी भरून आलीय म्हणाली. वाचनालयाच्या पायऱ्या फार असाव्यात.

२७ फेब्रुवारी

गाडी खड्ड्यातून बाहेर आली आहे. बाहेर काय, यानाच्या पायाशी उभी आहे! शिकाऊ गाडीतून उतरून शिडीजवळ थांबलाय. पुढच्या चाकांचे ब्रेक बंद. ऊन खड्ड्यात यायची वाट बघितली असणार, मग गाडी ढकलून सरळ केली असणार, मग इतक्या सावकाश आणली असणार की माझ्याकडून ते झालं नसतं.

लेकीला फोन करून आभार मानले. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या घरात आणखी कोण असतं?"

म्हटलं, कोण असणार? मी आणि तुझी आई.

"हो ना," ती म्हणाली, आणि मग एकदम तिला काहीतरी काम आठवलं.

२ मार्च

आज ही बाहेर असताना दार उघडलं. खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे.

काठी घेतली. कठडा धरला. पहिल्या वळणापर्यंत उतरलो. ती जागा तिथेच आहे, जिथे मी पडून होतो. शेजारी सगळे कामावर गेलेले, मी हाका मारत होतो आणि आवाज जिन्यात वरखाली फिरून माझ्याकडेच परत येत होता. ही भाजी घेऊन आली तेव्हा सापडलो. त्या भिंतीवर माझ्या बुटाचा काळा ओरखडा अजून आहे. तो बघितला आणि दोन्ही पाय थरथरायला लागले, मोडलेला आणि न मोडलेलाही. खाली बसलो. वर जाता येईना, खाली जाता येईना. मग रांगत वर आलो. या वयात, घरच्या कपड्यात, रांगत.

मला भीती वाटते. पाय बरा आहे. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, हीही बोलत नाही. मीच बोलतो.

पाच तारखेला खुर्चीवाल्यांना बोलवायला सांगणार आहे.

४ मार्च

सांगितलं. "खुर्ची नाही," ही म्हणाली. बस, एवढंच.

मी आवाज चढवला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी मी खाली गाडीत थांबते. तुम्ही उतरून या. घाई नाही, दुपारपर्यंत गाडी आहे."

भागीदार येतोय तर. आधी सांगायला काय झालं होतं! निदान ड्रायव्हर तरी अनुभवी असेल. पण खाली कसा जाणार, ते तिला विचारायचं राहिलं.

५ मार्च, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी ही कपडे करून निघून गेली. दार उघडं ठेवलं. मी खिडकीपाशी गेलो. स्कूलची गाडी खाली उभी, आत कोणी नाही. भागीदार कुठे उलथलाय म्हणून बघत होतो. एवढ्यात ही इमारतीतून बाहेर आली. गाडीला एक फेरी मारली, चारी चाकं बघितली, मागे काय आहे ते बघितलं. मी सगळ्यांना शिकवतो तशी. मग किल्ली काढली, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसली. आरसा सारखा केला.

खांद्यावर निळी ओढणी होती.

मी तिथे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग एकेक उलगडत गेलं, ते इथे लिहीत बसत नाही, लिहायची लाज वाटते. एवढंच की वाचनालय नव्हतं आणि लेक खरंच सांगत होती.

मोठ्याने हाक मारली. तिने वर बघितलं नाही. फोन केला. फोन डॅशबोर्डवर उजळताना वरून दिसत होता. तिने उचलला नाही. सीटवर बसल्यावर फोन उचलायचा नाही, हेही माझंच शिकवणं.

मग मी दाराबाहेर गेलो. काठीचा उपयोग होईना, ती बगलेत धरली. पहिल्या वळणावर ओरखड्याकडे पाठ केली आणि बसलो. बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत गेलो, लहान मूल उतरतं तसा. दुसऱ्या मजल्यावर खूप वेळ थांबलो. वर चौथा मजला, खाली रस्ता, मी मध्ये, आणि हाक मारायला कोणी नाही. एकदा वाटलं ती निघून जाईल. जावं तिने, असंही वाटलं. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी घाबरून इतक्या भराभर सरकलो की विजारीची शिवण उसवली. पहिल्या मजल्यावर उभा राहिलो. शेवटच्या पायऱ्या पायांनी उतरलो.

गाडी तिथेच होती. ती फक्त इंजिन गरम करत होती.

मी शेजारच्या सीटचं दार धरलं.

"मागे बसा," ती म्हणाली.

"अगं, शेजारी बसतो. त्या बाजूला ब्रेक आहे, काही झालं तर—"

"म्हणूनच. मागे बसा."

तिने आवाज चढवला नव्हता. स्टिअरिंगवरचे हात मात्र पांढरे पडले होते. माझ्या लक्षात आलं की तीही घाबरलेली आहे, आणि घाबरूनसुद्धा तिथे बसली आहे. मी मागचं दार उघडलं. आयुष्यात त्या गाडीत मागे बसलो नव्हतो. सीटच्या फटीत कुणाची तरी पेन्सिल होती. समोर तिच्या केसांचा अंबाडा, आणि आरशात तिचे डोळे, रस्त्याकडे.

निघालो. पहिल्याच वळणावर एक सायकलवाला आडवा आला. माझा पाय पुढच्या सीटखाली जाऊन आदळला, तोच मोडका पाय. तिथे ब्रेक नव्हता. मला उतरायचं होतं, मनापासून उतरायचं होतं. पण गाडी चालू होती आणि चालवणारा मी नव्हतो, ती होती. गुडघ्यांवर हात घट्ट दाबून बसून राहिलो. तिने वेग कमी केला, सायकलवाल्याला जाऊ दिलं.

चौकाच्या चढावर गाडी बंद पडली.

मागे हॉर्न सुरू झाला. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं तिला माहीत असलेलं 'ब्रेक धर' हे वाक्य आता येणार, म्हणून ती वाट बघत होती. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. मी खिडकीबाहेर एका दुकानाची पाटी वाचायला लागलो, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

तिने हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रल केली, किल्ली फिरवली.